पल्लवीनं माझी वही वाचली का?

मंडळी, आज दुपारी अकोल्यात आमचा मित्रांचा, प्रत्येकानं एकेक पात्र होऊन फासे टाकत गोष्ट खेळायचा डाव होता. महिनाभर खपून गोष्ट मीच रचली होती. सेमाडोहच्या जंगलातला प्रेमळ वाटाड्या शेवटी दगा देणार होता.

आमच्यात खेळणाऱ्या पल्लवीनं त्याला पहिल्या दहा मिनिटांतच झाडाला बांधायला लावलं!

मागच्या रविवारी ही गोष्ट लिहिलेली माझी वही तिच्याच घरी राहिली होती. मी सगळ्यांसमोर विचारलं, “माही वही वाचली न तू?”

तिचा चेहराच उतरला. “मी काहून वाचू? तुह्या गोष्टीत गोड बोलणाराच दरवेळी दगा देते!”

जुन्या गोष्टी आठवल्या. तिचं खरं होतं. मी माफी मागितली.

“जाऊ दे, चहा घे,” ती इतक्या प्रेमानं म्हणाली की मला पुन्हा शंका आली.

खऱ्या माणसांकडेही मी असाच बघायला लागलोय का? तुमचं असं होतं का?