अपिलाच्या फायलीतली हळद

भावाच्या हळदीला मी आले नसते तर घराण्याचं नाक कापलं गेलं असतं. निदान माझ्या काकांचं तसं म्हणणं होतं. आम्ही कोपरखैरण्याचे मूळ गावकरी. आमच्यात लग्न एक वेळ साधं चालेल, हळद साधी चालत नाही. परदेशात माझं मास्टर्सचं शेवटचं सत्र चालू होतं. विद्यापीठाला न विचारता तीन आठवडे वर्ग बुडवून मी घरी आले. एक मेल टाकायला कितीसा वेळ लागतो? पण आपल्याला कोण विचारतंय, ही आमची खानदानी मस्ती माझ्यातही होतीच.

विद्यापीठाने गैरहजेरी तिकडच्या व्हिसा खात्याला कळवली आणि मी इथे असतानाच व्हिसा रद्द झाल्याचं पत्र आलं. अपील करायला थोडे दिवस दिले होते. ते फेटाळलं गेलं तर पदवी गेली, सगळी मेहनत पाण्यात.

बाबा मला वाशीच्या एका कन्सल्टंटकडे घेऊन गेले. हा माणूस स्वतः कधी विमानात बसला होता की नाही, देव जाणे. टेबलावर पाच-सहा देशांचे चिमुकले झेंडे आणि तोंडात सारखं "टेन्शन नका घेऊ". मी म्हटलं, भावाच्या लग्नाला आले, परवानगी घ्यायची राहिली, चूक झाली, असं सरळ लिहूया. बालवाडीतल्या पोरीकडे बघून हसावं तसा तो हसला.

"मॅडम, लग्न हे कारण नसतं. घरात कोणी सीरियस होतं का?"

"नाही."

"मग करू ना."

त्याने बाबांकडे बघितलं. माझा धडधाकट बाप त्या खुर्चीत मावत नव्हता. त्याला याने बसल्या जागी हार्ट अटॅक दिला. चार दिवस आयसीयू, डॉक्टरचं सर्टिफिकेट, सगळी सोय त्याच्याकडे तयार. बाबा मान डोलावत होते. ज्या माणसाने आयुष्यात कुणाच्या बापाचं ऐकलं नाही, तो या टाय लावलेल्या भामट्याला 'सर, सर' करत होता. मला दोघांचीही किळस आली. आणि मग मी मुकाट सही केली.

कन्सल्टंटने कुटुंबाची समाजातली प्रतिष्ठा दाखवणारं काहीतरी मागितलं होतं. ते काम काकांनी अंगावर घेतलं. त्यांनी काय आणावं? नाक्यावरच्या बॅनरचा फोटो. हळदीची तारीख हे एवढ्या अक्षरांत, खाली हात जोडलेलं सगळं खानदान. आणि दुसरा फोटो, त्याच बॅनरखाली पिवळेधमक झालेले बाबा बेंजोवर नाचताना.

"आपला वजन कलू दे त्याना," काका म्हणाले.

कन्सल्टंटने फोटो धड बघितलेही नाहीत. वर बॅनरवरच्या मराठीचं शिक्का मारलेलं इंग्रजी भाषांतर करून घेतलं आणि फायलीला जोडलं. अक्कल गहाण टाकलेली माणसं कामाला मात्र चोख असतात. फाईल मी वाचायला हवी होती. घरात नुसती लोळत होते, तरी उघडली नाही.

सुनावणी व्हिडिओवर झाली, आमच्याच घरातल्या मागच्या खोलीत. तिकडच्या अपील मंडळाच्या बाई शांत होत्या. त्यांनी आधी सर्टिफिकेट दाखवलं, मग फोटो, आणि विचारलं, आयसीयूत असलेले वडील त्याच तारखेला नाचत कसे होते? मी खरं काय ते सांगून टाकलं.

"एवढंच लिहिलं असतंत तर मला काही करता आलं असतं," त्या म्हणाल्या. "पहिलीच चूक होती. आता प्रश्न हजेरीचा उरला नाही."

अपील फेटाळलं. खोटा कागद दिला म्हणून पुढची काही वर्षं नवा अर्जही करायचा नाही.

दार उघडलं तर बाबा बाहेरच उभे होते. आत यायचं धाडस त्यांना झालं नव्हतं.

"काय बोल्ली बाई?"

"तुमची तब्येत विचारत होती."

"मंग? सीरियस होतो, असाच सांगलंस ना?"

मी त्यांच्या अंगावर ओरडणार होते. चांगले चार शब्द जिभेवर होते. पण त्यांचा चेहरा पार उतरला होता, आणि हा माणूस माझ्यासाठी खरंच आजारी पडायला तयार झाला असता, हे मला त्या क्षणी कळलं. त्याचाही रागच आला.

"नाही बाबा," मी म्हटलं. "नाचत होतात, असं सांगितलं. आता मी इथेच आहे."