अर्धं सूत

अख्ख्या नवी मुंबईत माझी घासाघीस ज्याच्यापुढे चालली नाही असा माणूस एकच, आणि तो नेमका माझा साडू निघाला. मी डोक्यावर बटाट्याच्या गोणी वाहून वाशीच्या मार्केटात स्वतःचा गाळा केलेला माणूस. भाव पाडल्याशिवाय न्हाव्याच्या खुर्चीतही बसत नाही. आणि हे कचेरीत नकाशे काढणारे गृहस्थ दुकानदार सांगेल ते देऊन वर "थँक्यू" म्हणतात. त्यांच्या नेरुळच्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल गेरू फासलेल्या प्लायवूडखाली कायमचं गेलेलं. तो म्हणजे मंगळ, यांच्या लढाईच्या खेळाचा पट. काळ राणी व्हिक्टोरियाचा. फक्त इंग्रजांना वाफेवर उडणारी जहाजं सापडलीत आणि ते मंगळावरचे कालवे बळकावायला निघालेत. घरची माणसं ताटं मांडीवर घेऊन जेवत. जहाजं शॅम्पूच्या बाटल्यांची, शिपाई पेराएवढे, शिशाचे. ते ओतायला शिसं हवं म्हणून एकदा मला घेऊन बोनकोड्याला, जाळ्यांना शिसं लावणाऱ्या कोळ्यांकडे गेले. "जालं नाय, होरी नाय, तुमाला शिसं कशाला पायजे?" कोळ्याने विचारलं. "मंगळावर लढाई आहे," साडूबुवा गंभीरपणे म्हणाले. मी भाव निम्म्यावर आणतोय, तोवर हे पाकीट काढून मोकळे.

दर रविवारी दुपारी आमची लढाई. मला इंग्रज दिले, हा एक राग आहेच. फासा पडेल तितके इंच जहाज पुढे न्यायचं आणि सहा फेऱ्यांत कालव्यावरचा पूल गाठायचा. तीन वर्षांत मी तो एकदाही गाठला नाही. एकदा तर जहाज अर्धं सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, मागे राहिलं. अर्धं सूत! एवढं तर सुतारही सोडतो.

"शेठ, फूटपट्टीशी घासाघीस नसते," हे म्हणाले.

"अहो, नात्याचं तरी बघा!"

"नातं जेवणाच्या वेळी."

"जेवायला टेबल कुठंय तुमच्याकडे?" म्हणून मी फासा गॅलरीतून खाली फेकला आणि दार आपटून निघालो. आठ दिवस झोप नाही. पुढच्या रविवारी दोन वाजता बेल वाजवली ती मीच. पूल घ्यायचाच, विषय संपला.

मग त्यांची नागपूरला बदली झाली. सामान बांधलेलं, टेबल तेवढं उघडं. शेवटचा डाव, शेवटचा फासा. साडूबुवांनी फूटपट्टी लावली, बराच वेळ वाकून राहिले.

"पोचलं, शेठ. पूल तुमचा."

मी चष्मा लावून वाकलो. जहाज आणि पूल यांच्यामध्ये गेरूची बारीक रेघ दिसत होती. ज्यांच्या हाताखालून कधी केसभर चूक गेली नाही, त्यांना ती दिसली नसेल? तीन वर्षं ज्यासाठी भांडलो ते फुकट मिळत होतं.

"नाही पोचलं. नीट मोजा."

"घ्या की हो. उद्या मी नाही इथे."

"मग रजा काढून या. मी सूट घेत नसतो."

"तुम्ही?" म्हणाले आणि हसता हसता चष्मा पुसत बसले.

ट्रकमध्ये मंगळ मावला नाही. तो माझ्या गाळ्याच्या माळ्यावर आहे. जहाज होतं तिथेच मी डिंकाने चिकटवलंय. हमाल त्यावर गोणी टेकवायला गेला की मी अजून ओरडतो, "अरे, बाजूला! डाव चालू आहे."