गिरणीकाकूंची चिमूट

गिरणीकाकूंच्या बोटांना स्वस्थता ठाऊक नव्हती. पीठ असो, पदर असो की भिंतीचा ओला गिलावा, त्या अंगठा नि तर्जनीत धरून चोळणार आणि म्हणणार, "अजून बराबर न्हाई." मी लग्न होऊन हिंगोलीला आले तेव्हा माझ्या शालूचा काठही त्यांनी असाच चोळून पाहिला. मी आठवडाभर धास्तावले होते.

मुलांनो, त्या तुमच्या आजोबांच्या काकू. काका गेल्यावर गिरणी त्या एकट्या चालवत. एक चक्की धान्याची, दुसरी हळद-मिरचीची. सत्तरनंतरची ती वर्षं. मी आले त्याच वर्षी एसटी डेपोजवळ मोठी गिरणी निघाली आणि आमच्या ओट्यावरची डब्यांची रांग आखडू लागली. गिरणी बंद पडली असती तर आम्ही काकूंना प्रेमानं सांभाळलं असतं. पण बसून खायच्या नुसत्या कल्पनेनंच त्यांना धाप लागे.

रोज सकाळी चहा अर्धा टाकून त्या विचारत, "सूनबाई, आज काय बदलायचं?" एक दिवस बायकांना टेकायला बाक आला. मग पाण्याचा माठ दाराशी सरकला. चक्कीच्या दगडांना छिन्नीनं टाकी लावून खरखरीत करणारा माणूस ते पार गुळगुळीत झाल्यावरच येई, तो दर पंधरवड्याला येऊ लागला.

"काकू, एका बाकानं गिऱ्हाईक परत येतं का?" मी एकदा हसले.

"न्हाई येत. म्हनून तर उद्याला दुसरं करायचं."

मलाही हुरूप आला. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, टापटिपीची. पट्टीनं रेघा मारून मी वेळापत्रकाची पाटी टांगली: सोमवारी हळद, शनिवारी मिरची. मिरचीचा ठसका हळदीत उतरायला नको, हा माझा हिशेब. बाजाराच्या दिवशी शिरड शहापूरच्या गयाबाई डोक्यावर हळकुंडांचं गाठोडं घेऊन आल्या. काकू माजघरात होत्या. मी पाटीकडे बोट दाखवलं. "आज हळदीचा वार नाही."

"हळकुंडाला वार वाचता येतो व्हय, बाई?" असं म्हणून गयाबाई सरळ डेपोजवळच्या मोठ्या गिरणीत गेल्या.

काकूंना कळलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. दुपारभर आत-बाहेर करत राहिल्या. दुसऱ्या सकाळी मला घेऊन पहिल्या एसटीनं शिरडला. गयाबाईंच्या ओसरीवर बसताबसताच विचारलं, "तिथली हळद दाखव."

"काहून? माफी मागायला आली का झडती घ्यायला?"

"दोनी."

गयाबाई हसल्या आणि डबा पुढे केला. काकूंनी चिमूट चोळली, हुंगली. "जळाली ही. वासच न्हाई."

"लई घाई त्यांची. गरम गरमच भरून देऊन राहिले. पन परत तर न्हाई पाठवलं त्यांनी मला."

परतीच्या गाडीत काकूंचे पाय एकसारखे हलत होते. उतरल्या त्या थेट गिरणीत. त्या दिवसापासून आमच्याकडे हळद चक्कीत थोडी थोडी सुटू लागली आणि परातीत पसरून निवल्यावरच डब्यात जाऊ लागली. मिरचीनंतर मूठभर तांदूळ दळून चक्की साफ होई. माझं वेळापत्रक त्यांनी फेकलं नाही. पाटी उलटून कोरी बाजू पुढे केली आणि म्हणाल्या, "लिही. लांबून आलेल्यांचं आधी."

गावातल्या बायका कुरकुरल्या, पण टिकल्या. सुगीनंतर गयाबाई आल्या, सोबत शेजारच्या चौघी. पुढच्या बाजाराला बाक पुरेना. मला वाटलं, आता तरी काकू टेकतील. त्यांनी पिठाची चिमूट चोळली. "अजून बराबर न्हाई."

आजोबांची बदली झाली तेव्हा डेपोवर काकूंनी आमची वळकटी तीनदा सोडून तीनदा बांधली. गाडी हलली तरी त्यांचा हात खिडकीतून दोरीशीच होता. हात थकेपर्यंत गिरणी त्यांनीच चालवली. त्या गेल्याची तार आली तेव्हा मी कणीक मळत होते, आणि नकळत पीठ बोटांत चोळून पाहिलं.

दिवाळीत तुम्ही विमानातून उतरून दमून घरी येता, तेव्हा तुमचा मामा दरवर्षी म्हणतो, "आई, आम्हीपण उपाशी आहोत." मी ऐकत नाही. तव्यावरची पहिली पोळी तुमच्या ताटात पडते.