धावपट्टीवरचे दोन म्हसोबा

लग्न होऊन मी लोणावळ्याहून शिरगावच्या बाजूला नांदायला आले, ती दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपल्यावर. सासरची शेती दाखवायला सासूबाई मला घेऊन गेल्या आणि मला दिसलं नुसतं मैदान. लांबच लांब, तांबड्या मुरमाचं, रूळ फिरवून चोपलेलं. लढाईत तिथे विमानं उतरायची. वडिलांनी स्थळ नीट पाहिलं होतं ना, अशी मला शंका आली.

"हितं आपली खाचरं व्हती," सासूबाई म्हणाल्या.

"कुठे?"

त्यांनी हात वर केला, जरा डावीकडे नेला, मग उजवीकडे, आणि खाली घेतला. "हितंच कुटंतरी." आता मुलं विचारतात तेव्हा माझाही हात तसाच फिरतो.

लष्कर गेलं, जमिनी ज्याच्या त्याला परत मिळाल्या. पण ज्याची कुठली, ते सांगणारे बांधच लष्करानं मोडले होते. खुणेचा लिंबही विमानांना आडवा येतो म्हणून पाडला होता. मोजणीदार येणार होता, पण लावणी काही त्याच्यासाठी थांबणार नव्हती. सासूबाईंचा जीव ओढ्याजवळच्या एका खाचरात अडकलेला. तिथल्या आंबेमोहोराचा वास अख्ख्या आळीला कळायचा म्हणे. ते खाचर गेलं तर बाकीची मिळून काय चाटायचीत, असं त्यांचं म्हणणं.

मामंजींकडे तोड होती. बांध मोडले तेव्हा त्यांनी बांधावरचा म्हसोबा पोत्यात घालून घरी आणला होता. शेताची राखण करणारा देव. तो जागेवर बसला की शेतही जागेवर येणार. त्यांनी घोराडेश्वराच्या डोंगराशी नजर जुळवली, पुढे गेले, मागे आले, डोकं खाजवलं, पुन्हा पुढे गेले. मी शेंदराची वाटी घेऊन मागे. ते थांबतील तिथे मी नमस्कार करत होते. त्यातले बरेच वाया गेले. अखेर एका जागी देव बसला आणि त्याला शेंदूर लागला.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर आमच्या देवापासून थोड्याच अंतरावर, आमच्या बाजूला आत, शेजारच्या भाऊंचा म्हसोबा. त्यांनीही आपला देव तसाच घरी जपला होता.

"भाऊ, ह्यो आमच्यात बसलाय," मामंजी म्हणाले.

"आबा, तुमचाच आमच्यात शिरलाय की."

"मग उचला."

"दुसऱ्यांदा शेंदूर लागल्याला देव कोन उचलतंय? तुमी उचलता?"

कोणीच उचलेना. सासूबाई पुढे झाल्या. "येवढी वर्सं आमच्या दारात बसून निवद खाल्लाय त्यानं. त्याला सोताची जागा ठावं नसंल व्हय?"

"वैनी, आमचा काय उपाशी व्हता?"

नांगर धरायची वेळ आली तेव्हा एका जोडीनं तो मुरमात शिरेना. दोन्ही घरचे बैल एकाच नांगराला जुंपावे लागले. बैल एकत्र ओढू लागल्यावर माणसांनाही भांडायला लाज वाटली असावी. दोन देवांच्या मधोमध बांध घालायचा, असं ठरलं. ओढ्याजवळचं खाचर त्या बांधाच्या अलीकडे आलं की पलीकडे, ते मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं.

भात बेताचंच आलं. सासूबाईंनी नवा तांदूळ शिजवला, वास घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला. मग पडला.

"जा गं, भाऊंच्यातनं इरजण आन. आन त्येंच्या भाताला वास येतुया का बघ."

माझं नाक आगगाडीच्या धुरात वाढलेलं. वाण्याचा तांदूळ आणि आंबेमोहोर मला सारखेच. तरी गेले. भाऊंच्या चुलीवरही भात रटरटत होता. त्यांच्या बायकोनं विरजण दिलं आणि हळूच विचारलं, "तुमच्यात बी आसाच वास येतुया का गं?"

मी हो म्हटलं. त्यांनी झाकण उचलून पुन्हा वास घेतला.

घरी येऊन मी सांगितलं, दोन्हीकडे अगदी एकसारखा.

सासूबाईंनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "म्हंजी त्येंच्या बांधाआत बी आपलीच माती हाये."

"न्हाईतर आपल्यात त्येंची," मामंजी ताटावर बसत म्हणाले.

सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, ताटात नेहमीपेक्षा अंमळ कमी भात वाढला आणि म्हणाल्या, "जेवा."