स्टेपनीहून उंच चाकं

ही घटना माझ्या पोलीस नोकरीतली. तेव्हा माझी नेमणूक रेवदंड्याच्या बाजूला होती.

पावसाळ्यापूर्वी मच्छीमार होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात. तिथल्या एका कोळीवाड्यात हे काम एक जुनी जीप करायची. जीप आणि होडी एकाच मालकाची, चालवायला त्याचा धाकटा चुलत भाऊ. त्या दुपारी होडी ओढताना जीप धक्क्याच्या उतारावर अर्ध्यातच थांबली आणि मागे घसरली. मालक होडीमागे उभा राहून तिच्याखाली ओंडके सरकवत होता. त्याचा पाय होडीखाली चिरडला.

वर्दी अपघाताची आली. संध्याकाळी खबऱ्याचा फोन आला. "साहेब, अपघात कसला? आदल्या दिवशी बोंबील वाळवायच्या जागेवरून दोघांचं भांडण झालंय. धाकटा म्हणाला, तुला बघून घेतो. सगळ्या वाड्यानं ऐकलंय."

पाठोपाठ मालकाची बायको ठाण्यात आली. "त्यानंच मुद्दाम सोडली गाडी. लिवून घ्या." मी फिर्याद नोंदवली. गुन्हा खुनाच्या प्रयत्नाचा होता. सिद्ध झाला असता, तर त्या तरुणाचं उमेदीचं आयुष्य तुरुंगात गेलं असतं.

मी त्याला समोर बसवलं.

"ब्रेक कधी दाबलास?"

"गाडी मेली तवाच."

"इतकी वर्षं ओढतोस. याआधी कधी मेली होती?"

"न्हाय."

"मग याच वेळी कशी मेली?"

"तेच कलत न्हाय साहेब. कललं असतं तर हितं बसलो असतो का?"

"गाडीलापण भांडण कळलं असेल," बाजूचे हवालदार म्हणाले. तो रडवेला झाला, पण जबाब बदलला नाही. जे खोटं बोलतात ते दुसऱ्या खेपेला कारण जोडून आणतात, असा माझा अनुभव. याच्याकडे कारणच नव्हतं.

तरी साक्षीदार एकच सांगत होते. जीप तीच, होडी तीच, उतार तोच. बदललं होतं ते फक्त माणसाचं मन. मलाही तो तर्क बिनतोड वाटत होता.

पंचनामा करून जीप ताब्यात घेतली. आमचा चालक ती घेऊन माझ्या गाडीमागून ठाण्यात आला. उतरता उतरता म्हणाला, "साहेब, तुम्ही चाळीसनं चालला होतात ना?"

"नाही रे, पंचेचाळीसच्या पुढे होतो."

"माझा काटा तर चाळीसच दाखवत होता. आणि अंतर तर पडलं नाही. शिवाय ही गाडी पटकन उठत नाही हो. पहिल्या गिअरला म्हातारा खुर्चीतून उठतो तशी उठते."

मी जीपभोवती फिरलो. मागे स्टेपनी लटकत होती. ती काढायला लावली आणि चाकाशेजारी उभी केली. चाक तिच्यापेक्षा चांगलं चार बोटं उंच होतं.

मालकाच्या बायकोला विचारलं, तर ती सहज म्हणाली, "जीप वाळूत रुतायची म्हणून आमच्या ह्यांनीच मोठे टायर घातले. जुने जाळ्यांच्या खोपीत पडलेत." टायर बदललेले सगळ्या वाड्याला ठाऊक होतं. वाळूत जीप झकास पळायला लागली होती. जो फायदा वाटत होता, तो जबाबात कोण सांगणार? आणि त्या टायरांवर ओढायला घेतलेली ही पहिलीच होडी होती.

मोटार वाहन निरीक्षक बाई आल्या. त्यांनी जमिनीवर खडूने दोन वर्तुळं काढली, एक लहान, एक मोठं.

"मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर जातं. काटा मोजतो फेरे, म्हणून वेग कमी दाखवतो. पण इंजिनाची ताकद तेवढीच. प्रत्येक फेऱ्याला जास्त अंतर ओढायचं, म्हणजे जोर कमी पडतो. लिव्हर पहिल्या गिअरवर असला तरी गाडी थोडी दुसऱ्याकडे झुकल्यासारखी चालते. मोकळी असली तर उशिरा उठते, मागे ओझं असलं तर बंद पडते. आणि मोठ्या चाकाला धरून ठेवायला ब्रेकलाही जास्त जोर लागतो."

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. वर्तुळाचा परीघ मी गावच्या पत्र्याच्या शाळेत घोकला होता. तो परीघ एखाद्याला तुरुंगापासून वाचवू शकतो, हे माझ्या गुरुजींना सांगायला हवं होतं.

मग धक्क्यावर प्रयोग केला. तीच होडी, तोच उतार. मागे एकही माणूस उभा केला नाही, होडीला जास्तीचे दोर बांधले. चालवायला आमचा चालक, ज्याचं कुणाशीच भांडण नव्हतं. सगळा वाडा जमला, धाकट्यालाही कोठडीतून आणलं होतं.

मोठ्या चाकांवर जीप वाळूतून डौलात आली. उतार लागला तसं इंजिन धपापलं, थरथरलं आणि बंद पडलं. चालकाने दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला, तरी जीप हातभर मागे सरकली आणि दोर ताणले गेले.

जुने टायर चढवले. तीच जीप कुरकुरत, पण एकदाही न थांबता, होडी वर घेऊन गेली.

मी समुद्राकडे तोंड करून उभा राहिलो. इतक्या माणसांच्या साक्षीपेक्षा चार बोटं रबर खरं बोललं होतं.

मालकाची बायको धाकट्यापाशी गेली. तो मान खाली घालून बसला होता.

"तोंड कशाला लपवतोस? भांडलास ते भांडलासच. उठ."

"वहिनी, मी न्हाय..."

"बघितलं मी. चल, दादाला डबा न्यायचाय इस्पितलात. तुझ्या हातचंच खाईल तो आज."

मी हवालदारांना त्यांच्यासोबत धाडलं. आरोप मागे घेणं तिच्या हातात नव्हतं. मी निरीक्षक बाईंचा अहवाल जोडून न्यायालयाला कळवलं आणि धाकटा सुटला.

पोलिसाला माणसाच्या मनातला हेतू शोधायची सवय लागते. भांडण सापडलं की आपण तिथेच थांबतो, कारण भांडण समजायला सोपं असतं. त्यानंतरच्या नोकरीत मी प्रत्येक गुन्ह्याच्या जागी आधी वस्तूंपुढे उभा राहायचो. लोखंड, दोर, लाकूड, पाणी आपापल्या नियमाने वागतात. त्यांना कुणाचा राग येत नाही. तो नियम समजून घ्यायचा, आणि मगच संशयिताच्या खांद्यावर हात ठेवायचा.