सगळे हायत

भूकंपाचा धक्का बसला आणि आमच्या सेलूच्या घरातली माशांची काचेची पेटी टेबलावर चार बोटं सरकली. मुलगी रडायला लागली, म्हणून शेजाऱ्यांच्या ओळखीतला सुतार बोलावला. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

काम सुरू करण्याआधी तो पेटीसमोर उकिडवा बसून माशांकडे बघत राहिला.

"आपुन बाहेर पळतो. ह्यांनी कुठं पळावं?" तो म्हणाला.

त्याने टेबल लोखंडी पट्ट्यांनी भिंतीला आवळलं, पेटीखाली जाड फोम घातला, भोवती लाकडी कठडा ठोकला. मग दोन्ही हातांनी टेबल ओढत ओरडला, "आला भूकंप!" टेबल जागचं हललं नाही. मुलगी खदखदून हसली आणि तोही लहान मुलासारखा टाळ्या वाजवायला लागला.

पुढच्या महिन्यात खरंच जमीन हलली. आम्ही अंगणात पळालो. परत आलो तर फरशीवर थोडं पाणी सांडलेलं आणि मासे मजेत फिरत होते. तेवढ्यात सुतार सायकलवरून धापा टाकत आला. आम्हाला ओलांडून थेट पेटीपाशी गेला आणि बोटाने एकेक मासा मोजला.

"सगळे हायत!" म्हणत तो हसला. मग एकदम आमच्याकडे वळून ओशाळला.

"अन् तुमी बरे हायात ना?"