पारिजातकाची सहावी पाकळी

आता जे लिहिते आहे ते आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, धाकट्या बहिणीला नाही — आणि ज्या देवाच्या नावावर ते केलं, त्यालाही नाही. त्याच्यापुढे हात जोडले की मी दुसरंच काहीतरी बोलत राहायचे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याशी बोलणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं ते जात नाहीये. पण ठरवलं आहे, तेव्हा बोलणार.

मी पनवेलमध्ये एकतीस वर्षं गणित शिकवलं. अर्ध्या पनवेलला मी पाढे म्हणायला लावले आहेत; अजूनही रिक्षावाले मधेच मान वळवून विचारतात, बाई, ओळखलंत का? देवाधर्माचं मात्र माझं कधी जमलं नाही. आरतीला शेजारच्या बायकांचे डोळे भरून यायचे आणि मी टाळांचे ठोके मोजत उभी असायचे. हसू नका — खरंच मोजायचे. आई जायच्या आदल्या दिवशी तिने माझा हात धरून विचारलं, "तुझा विश्वास आहे ना गं?" मी हो म्हणाले. ते उत्तर मी तेव्हा नुसतं दिलं होतं, ते खरं करायचं राहून गेलं होतं. निवृत्त झाल्यावर वेळ मिळाला, आणि मी ते खरं करायच्या मागे लागले.

माझ्यासारखी बाई देव कुठे शोधणार? आकड्यांतच. एक, दोन, तीन, पाच, आठ, तेरा, एकवीस — मागचे दोन मिळवले की पुढचा आकडा. शाळेत मी ही रांग दहा मिनिटांत उरकून टाकायचे. मग एका दुपारी मंडईतून आणलेला अननस ओट्यावर ठेवला होता, आणि त्याच्या डोळ्यांच्या तिरप्या ओळी दिसल्या. मोजताना सुरुवात कुठून केली तेच विसरायला व्हायचं, म्हणून कपाटातून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि प्रत्येक ओळीच्या तोंडाशी एकेक टिकली चिकटवली. एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने हिरव्या. आठ लाल, तेरा हिरव्या. मी तिथेच स्टुलावर बसले. खोटं सांगत नाही, आयुष्यात पहिल्यांदा माझे डोळे देवासाठी भरून आले. संध्याकाळी नवरा घरी आला तेव्हा अननस कुंकवाने माखल्यासारखा दिसत होता, आणि त्याने विचारलं की आता याची पूजा करायची की कापायचा.

त्यानंतर मी सुटलेच. जास्वंद पाच, तगर पाच, सदाफुली पाच. बेलाला तीन पानं. तळ्याजवळच्या देवळात आमचं बायकांचं भजनी मंडळ जमतं, तिथे मी बोलायला लागले. टिकल्या लावलेला अननस हातोहात फिरायचा. लोकांना आवडायचं — आणि मला लोकांना आवडलेलं आवडायचं, हेही इथेच सांगून टाकते. मंडळाने माझ्या बोलण्याची लहानशी पुस्तिका छापली, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांनी ती वाण म्हणून वाटली. वाटीचमच्यांपेक्षा हे बरं, असं सगळ्या म्हणाल्या. तीनदा छापावी लागली.

फुलं गोळा करायला आणि मोजायला माझ्याबरोबर असायच्या हिराताई. त्या पनवेलजवळच्या कोन गावच्या. जमीन गेली, तिच्या पैशातून बंगला झाला, मुलाने दारात मोठी गाडी उभी केली, तरी हिराताई पहाटे उठून अंगण झाडणाऱ्याच राहिल्या. शाळा चौथीपर्यंत. पण लहानपणी मिठागरावर बाप मीठ वाहायचा तेव्हा पाट्या मोजायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि हिरानं मोजलं म्हणजे पुन्हा मोजायचं नाही असं म्हणे सगळे मानायचे. ही गोष्ट त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितली. बाकी त्या स्वतःबद्दल फारसं बोलत नसत. माझी टिकल्यांची युक्ती त्यांना भलतीच आवडली. माझ्यापेक्षा निम्म्या वेळात त्यांचा अननस मोजून व्हायचा.

मग आला पारिजातक.

तुम्हाला माहीत असेलच — जमिनीवर पडलेलं फूल आपण देवाला वाहत नाही, अपवाद फक्त पारिजातकाचा. तो वेचूनच वाहायचा. स्वर्गातून आणलेलं झाड म्हणतात त्याला. मी मनात म्हटलं, साक्षात देवाचं झाड, याच्या पाकळ्या तर रांगेत बसायलाच हव्यात. हिराताईंच्या अंगणात मोठा पारिजातक होता. त्या रात्री झाडाखाली धुतलेलं लुगडं अंथरून ठेवायच्या आणि सकाळी परडीभर फुलं घेऊन रिक्षाने माझ्याकडे यायच्या. आम्ही मोजायला बसलो. सहा. सहा. सात. सहा. मधेच एखादं पाच, क्वचित एखादं आठ, आणि पुन्हा सहा.

सहा त्या रांगेत नाही. सातही नाही.

मी काय केलं? पाच आणि आठ पाकळ्यांची फुलं एका बाजूला ठेवली आणि बाकीची देव्हाऱ्यात वाहून टाकली. हिराताईंना सांगितलं की या दिवसांत फुलं जरा बिघडलेली येतात, ती धरायची नसतात. त्या बिचाऱ्या 'असंल' म्हणाल्या. पुस्तिकेच्या नवव्या पानावर मी पारिजातकाचं चित्र छापलं — पाच पाकळ्यांचं. खाली लिहिलं की हे फूल म्हणजे देवाची सही आहे.

कबुली एवढीच असती तर मी तुमचा वेळ घेतला नसता. अवघड उदाहरण टाळून सोपं फळ्यावर लिहिणं मी एकतीस वर्षं केलं होतं. पण एवढंच नाहीये. बघा, अजूनही मी खऱ्या गोष्टीच्या कडेकडेनेच जाते आहे.

चार वर्षांपूर्वीच्या नवरात्रात, सकाळी, देवळाच्या सभागृहात माझं बोलणं होतं. पन्नाससाठ बायका, शिवाय मागे खुर्च्यांवर काही पुरुष; त्यांत हिराताईंचा मुलगा आणि सूनही आली होती. मी मुद्दाम निवडून आणलेली पाचांची फुलं ताटात ठेवली होती. हिराताईंना वाटलं फुलं कमी पडतील, म्हणून त्यांनी आपली परडीही त्याच ताटात रिकामी केली. मी पारिजातकापाशी आले, पाच पाकळ्या म्हणाले, आणि पुढच्याच रांगेत बसलेल्या हिराताईंनी ताटातलं एक फूल उचललं. मला अडवायचं त्यांच्या मनात नव्हतं. त्यांना वाटलं, बाईंच्या कामात आपण मोजणीची मदत करतो, तशी ही मदत.

"बाई, हे सा हायेत," त्या म्हणाल्या. "मी दोनदा मोजल्या."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पुढे झाले, हसले, त्यांच्या हातातून फूल घेतलं. वर बघत काहीतरी बोलत राहिले — काय ते आठवत नाही — आणि बोलता बोलता अंगठ्याच्या नखाने एक पाकळी तोडली. पारिजातकाची पाकळी तोडायला काहीच लागत नाही. ती बोटांत दाबून धरली आणि फूल उंच करून मोठ्याने मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच. मग म्हणाले, "ताई, वय झालं की मोजताना असं होतं हं."

लोक हसले. वाईट हसणं नव्हतं ते, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला हसतात तसं. हिराताईही हसल्या, पण माझ्याकडे न बघता आपल्या हाताकडे बघत. मी पुढच्या फुलाकडे वळले. टाळ्या नेहमीपेक्षा जास्तच पडल्या.

ही ती गोष्ट. पण तुम्ही म्हणाल, एका पाकळीसाठी चार वर्षं कशाला कुढायचं? मीही स्वतःला तेच सांगत होते, तीनचार महिने.

मग हिराताई मंडळात यायच्या थांबल्या. गुडघे दुखत असतील, असं मी सगळ्यांना सांगत होते — मला कुणी विचारलंही नव्हतं. एक दिवस त्या एसटी स्टँडसमोरच्या भाजीवाल्यापाशी भेटल्या, सुनेबरोबर. सून लिंबं निवडत होती. हिराताई बाजूला पिशवी धरून उभ्या होत्या. मी सहज म्हटलं, काय ताई, तुम्ही नुसत्या उभ्या? तर सून म्हणाली की आता मोजाबिजायचं काही आईंवर टाकत नाही, त्यांचं चुकतं. मुलाने डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. त्यात काही निघालं नाही. सून पैसे द्यायला पुढे गेली आणि हिराताई माझ्या जवळ आल्या.

"डोळे बरे हायेत म्हंतो डाक्टर," त्या म्हणाल्या. "मंग माझा डोकाच बिघडला असंल, बाई. आयचा पन असाच झाला व्हता."

त्यांची आई शेवटी कुणालाही ओळखत नव्हती, हे मला माहीत होतं. त्यांनीच सांगितलं होतं, फुलं मोजता मोजता.

ती वेळ होती. मी एक वाक्य बोलायचं होतं. भर बाजारात सुद्धा नाही, त्यांच्या कानात बोलले असते तरी चाललं असतं. मी काय केलं? त्यांचा हात थोपटला आणि बदाम खात जा म्हणाले. हो. बदाम. भिजवून, साल काढून, सकाळी चार. तेवढं व्यवस्थित सांगितलं. मग घरी आले आणि सिंकसमोर उभी राहून कितीतरी वेळ हात धूत राहिले.

तेव्हापासून ते वाढतच गेलं आहे. हिराताईंना आता एकट्याने रिक्षात बसवत नाहीत. कपाटाच्या किल्ल्या सुनेकडे गेल्या. मुलगा वाईट नाही, उलट फार जपतो, आणि त्या जपण्यात त्या अडकल्या आहेत. मला हे सगळं मंडळातल्या बायकांकडून कळत राहतं, आणि मी 'अरेरे' म्हणते. बाईमाणूस एकदा आपल्यावरचा भरवसा गमावून बसली की खरोखरच चुकायला लागते. हे मी वर्गात कितीतरी मुलींच्या बाबतीत पाहिलंय. एकीला फळ्यापाशी हसलं की ती वर्षभर बेरजा चुकवायची. मला हे माहीत नव्हतं, असं मी म्हणूच शकत नाही.

आणि देव? तुम्हाला वाटेल मी त्याच्यासाठी केलं. मलाही फार दिवस तसंच वाटायचं. पण सहा पाकळ्यांचं फूल रोज पहाटे कुणाच्याही परवानगीशिवाय पडत होतं. ते मला नको होतं. मला माझ्या रांगेत बसणारा देव हवा होता, आणि तो बसेना तेव्हा मी नखाने बसवला. त्यासाठी एका बाईचं डोकं पणाला लावलं, जिने आयुष्यात एकच गोष्ट अभिमानाने सांगितली होती. यात श्रद्धा कुठे होती? यात फक्त मी होते, आणि टाळ्या होत्या.

यंदा आश्विनात मी आमच्या सोसायटीच्या मागच्या पारिजातकाची फुलं रोज वेचली आणि एकही न टाकता मोजली. वहीत लिहिली आहेत. बहुतेक सहा, काही सात, पाच आणि आठ थोडी. अननस मात्र अजूनही आठ-तेराच भरतो. दोन्ही खरं आहे. या दोन्हींच्या मागे कुणी आहे की नाही, ते मला माहीत नाही, आणि आईला दिलेलं उत्तर अजून खरं झालेलं नाही. शोधणं मी सोडलेलं नाही. फक्त आता जे भरेल ते लिहिते.

मंडळाला पुस्तिका चौथ्यांदा छापायची आहे. मी अध्यक्षीणबाईंना सांगितलं की नववं पान बदलायचंय, आणि का ते रविवारच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगेन. त्या म्हणाल्या, एवढं काय असतं एका पानात. आधी हिराताईंना कळायला हवं, नंतर मंडळाला.

उद्या सकाळी मी कोनला जाणार आहे. हिराताईंच्या मुलाला फोन करून ठेवलाय की घरी थांब, आणि बायकोलाही थांबव. त्यांनी ते हसणं सभागृहात बसून ऐकलं होतं, तेव्हा हेही त्यांनी ऐकायला हवं. हिराताईंना समोर बसवून मी सांगणार आहे की पाकळ्या सहाच होत्या, सहावी मी तोडली, आणि बाजारात भेटल्या तेव्हाही मला ते माहीत होतं. त्यांच्या डोक्याला काही झालेलं नव्हतं. जे झालं ते मी केलं. वय झालं, नजर चुकली, घाबरले, असलं काही मी बोलणार नाही. हे ऐकून त्यांनी मला दाराबाहेर काढलं तर मी निघेन, आणि रविवारी देवळात उभी राहून हेच पहिल्यापासून पुन्हा सांगेन.